एक मूल, दोन रकाने : डाऊन सिंड्रोम आणि स्वमग्नता यांच्या नात्याचा इतिहास

१/ राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने धाराशिव जिल्ह्यातील प्रत्येक अंगणवाडीत वर्षातून दोनदा जाऊन मुलांची तपासणी करावी, असा नियम आहे. पथकाच्या यादीत डाऊन सिंड्रोम ‘जन्मतः व्यंग’ या भागात येतो, तर स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, ‘विकासात्मक विलंब’ या भागात. पण एकाच मुलात हे दोन्ही असले तर? या दोन रकान्यांमागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

२/ इ. स. १८६६. इंग्लंडमधील अर्ल्सवूड येथील संस्थेत काम करणारे डॉ. जॉन लँग्डन डाऊन यांनी विशिष्ट चेहरेपट्टीच्या मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचे निरीक्षण अचूक होते, कारणमीमांसा मात्र चुकीची. त्या काळच्या वंशकल्पनांना अनुसरून त्यांनी या मुलांना ‘मंगोल’ म्हटले. हा शब्द पुढे जवळजवळ शंभर वर्षे वैद्यकात टिकला.

३/ याच डाऊन यांनी १८८७ मध्ये लंडनमधील व्याख्यानांत आणखी एका गटाविषयी सांगितले. ही मुले दिसायला इतरांसारखीच. पण त्यांची वाचा हरपलेली, मायेला प्रतिसाद कमी, आणि त्याच त्या लयबद्ध हालचालींत ती रमलेली. आजच्या काही अभ्यासकांना या वर्णनात स्वमग्नता दिसते. दोन्ही गट एकाच वैद्याने पाहिले होते, पण ते त्याच्या मनात वेगळेच राहिले.

४/ १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या नोंदींवरून स्वमग्नतेचे स्वरूप मांडले. बुद्धिमान दिसणारा चेहरा आणि माणसांपासून तुटलेपण, असे ते चित्र होते. डाऊन सिंड्रोम चेहऱ्यावरून ओळखला जाई, स्वमग्नता वर्तनावरून. दोन्ही एकाच मुलात असू शकतील, हे त्यामुळे कुणाच्या ध्यानी येणेही कठीण झाले.

५/ १९५९ मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी डाऊन सिंड्रोमचे कारण जाहीर केले : २१ क्रमांकाचे एक गुणसूत्र जादा. १९६१ मध्ये शास्त्रज्ञांनी ‘लॅन्सेट’मध्ये पत्र लिहून जुना वंशवाचक शब्द सोडण्याची मागणी केली, आणि १९६५ मध्ये मंगोलियाच्या विनंतीनंतर जागतिक आरोग्य संघटनेनेही तो टाकला. एका निदानाला रक्ताच्या चाचणीचा आधार मिळाला. दुसऱ्याला तो आजही नाही. तिथे मुलाचे निरीक्षण हाच मार्ग.

६/ दरम्यान एक समज घट्ट झाला होता : डाऊन सिंड्रोम असलेली मुले हसरी, लाघवी, माणसांत रमणारी असतात. यात तथ्यही आहे. लोर्ना विंग आणि ज्युडिथ गूल्ड यांच्या १९७९ च्या लंडनमधील पाहणीतही अशी बहुतेक मुले मिळूनमिसळून वागणारी आढळली. पण ‘बहुतेक’ म्हणजे ‘सर्व’ नव्हेत. त्याच वर्षी जपानमधून दोन्ही निदाने असलेल्या एका मुलाची नोंद प्रसिद्ध झाली.

७/ १९८२ मध्ये स्टीव्हन रीस आणि सहकाऱ्यांनी या अंधत्वाला नाव दिले. मराठीत त्याला ‘निदानाची सावली’ म्हणता येईल. एक ठळक निदान झाले की मुलाची प्रत्येक अडचण त्याच्याच खात्यावर मांडली जाते. बोलत नाही? डाऊनमुळे. हाक मारली तरी वळत नाही? डाऊनमुळेच. दुसऱ्या कारणाचा शोध तिथेच थांबतो.

८/ १९९५ मध्ये पॅट्रिशिया हाउलिन, विंग आणि गूल्ड यांनी दोन्ही निदाने असलेल्या चार मुलग्यांविषयी लिहून ही सावली दूर करण्याचा आग्रह धरला. २०१५ मध्ये अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून डाऊन सिंड्रोम असलेल्यांत स्वमग्नतेचे प्रमाण सुमारे १६ टक्के निघाले. म्हणजे साधारण सहा जणांत एक. याला अपवाद म्हणून बाजूला सारता येत नाही.

९/ महाराष्ट्रात काय घडत होते? १९४४ मध्ये मुंबईत वकील दांपत्याने डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी सुरू केलेल्या कामातून आजची ‘जय वकील’ संस्था उभी राहिली. पुण्यात १९६४ मध्ये सिंधूताई जोशी यांची ‘कामायनी’ आली. शाळा उघडल्या, भाषेत मात्र दीर्घकाळ ‘मतिमंद’ हा एकच शब्द राहिला आणि त्यात सगळी मुले एकत्र मोजली गेली.

१०/ कायद्याची वाटचालही अशीच संथ. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रकारांत मतिमंदत्व होते, स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकार मान्य केले. त्यांत बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता स्वतंत्र आहेत, आणि एकाहून अधिक प्रकार असणाऱ्यांसाठी ‘बहुविकलांगता’ही आहे. दोन निदानांच्या मुलाला कायद्यात जागा मिळाली ती अशी.

११/ धाराशिव १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्याच जुन्या राजधानीशेजारी, सिकंदराबादला, १९८४ मध्ये मतिमंदत्वावरील राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि तिथेच स्वमग्नता मोजण्याची ४० मुद्द्यांची भारतीय मापनश्रेणी तयार झाली. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ तर महाराष्ट्रातच, ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला झाला. साधने जवळच घडली आहेत. ती शेवटच्या वाडीपर्यंत पोहोचणे हा खरा प्रश्न.

१२/ कारण कळंब, भूम, वाशीकडची अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. पथक आले त्या दिवशी मूल फडावर असले, तर एक फेरी चुकते. आणि तपासणी झालीच, तरी डाऊन सिंड्रोम चेहऱ्यावरून चटकन कळतो. त्या रकान्यात खूण झाली की काम संपल्यासारखे वाटते. सावली पडते ती याच क्षणी.

१३/ म्हणून काय पाहावे? डाऊन सिंड्रोम असलेले मूल नावाने हाक मारल्यावर वळते का, हवी ती वस्तू बोटाने दाखवते का, आलेले शब्द पुन्हा गेले का, हात फडफडवणे किंवा फिरत्या पंख्याकडे एकटक पाहणे यातच तासन्‌तास हरवते का. ही चिन्हे दिसली तर आधी कान आणि थायरॉइड तपासावे. या मुलांत दोन्हींच्या तक्रारी नेहमीच्या आहेत. मग स्वमग्नतेची स्वतंत्र तपासणी मागावी.

१४/ दुसरे निदान म्हणजे घरावर दुसरे संकट, असे अनेकांना वाटते. वास्तविक मूल तेच असते, कालचेच. बदलते ती शिकवण्याची रीत. डाऊन सिंड्रोम असलेली पुष्कळ मुले मोठ्यांचे पाहून, नक्कल करून शिकतात. स्वमग्न मुलाला ती वाट अवघड जाते. त्याला चित्रे, ठरलेला दिनक्रम, एका वेळी एकच पायरी लागते. हे कळले नाही तर आई-बाप आणि शिक्षक वर्षानुवर्षे चुकीच्या दारावर थाप मारत राहतात, आणि मूल हट्टी ठरते.

१५/ पुढच्या वेळी पथक अंगणवाडीत येईल तेव्हा एका खुणेवर थांबू नका. ‘दुसराही रकाना पाहता का, डॉक्टरसाहेब?’ एवढे विचारायला हरकत नाही.