किरणशस्त्राचा बारामतीकर जनक

वालूर गावच्या जुन्या बारवेचा सर्पिल जिना रचणारा स्थपती अनामिक राहिला, त्यास काळ कारण झाला. परंतु १९३८ साली मुंबई इलाख्यातील बारामतीस जन्मून, १९५८ साली पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे पदवीधर झालेले कुमार पटेल आपल्या स्मरणाच्या दप्तरी दाखल नसावेत, याची मला मनापासून खंत वाटते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६४ साली त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर सिद्ध केला. आणि विजेने चेतविलेले नायट्रोजनचे रेणू आघातासरशी आपली ऊर्जा त्या वायूच्या रेणूंस देतात, हे हेरून त्याची शक्ती कितीतरी वाढविली. या किरणाची १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबी पाणी तत्काळ शोषून घेते, आणि शरीरातील मृदू ऊती तर बहुतांशी जलमयच. म्हणून तो वरचा थर बाष्परूप करितो, सूक्ष्म रक्तवाहिन्या जागीच मिटवितो व खोलवर फारसा उपसर्ग पोहोचू देत नाही. साधा काचतंतू मात्र त्यास वाहून नेऊ शकत नाही. तेव्हा अभियंत्यांनी सांध्यासांध्यांत आरसे बसविलेला बाहू घडविला, सूक्ष्मदर्शकाशी त्याची सांगड घातली, आणि १९७२ च्या सुमारास बॉस्टन येथे स्वरयंत्रावरील शस्त्रक्रिया त्याच्या साहाय्याने होऊ लागल्या. आपल्या पाठ्यपुस्तककारांनी पटेलांस एक पान अवश्य द्यावे.