गुरुवारी दुपारी, काळा घोडा

साल 1985. जुलै महिना, गुरुवार, दुपारचे साडेबारा. तुम्ही अठरा वर्षांचे आहात. चर्चगेटहून चालत येताना छत्री उलटी झाली, पँट गुडघ्यापर्यंत भिजली, आणि आता एल्फिन्स्टन कॉलेजच्या दगडी कमानीखाली तुम्ही पाणी निथळत उभे आहात. याच कॉलेजातून आंबेडकर 1912 साली बी.ए. झाले, हे पहिल्याच दिवशी कुणीतरी अभिमानाने सांगितलेलं तुमच्या लक्षात आहे. वर अर्थशास्त्राचं लेक्चर सुरू व्हायचंय. मित्र डोळ्यांनीच रस्त्यापलीकडे खूण करतो. लेक्चर बुडतं.

डबलडेकर जाऊ द्या, मग महात्मा गांधी रस्ता ओलांडा. समोर जहांगीर आर्ट गॅलरी. आत यायला पैसे पडत नाहीत, म्हणून आधी भिंतीवरची चित्रं बघत फिरा. कळली नाहीत तरी चालेल, इथे कुणी परीक्षा घेत नाही. आता व्हरांड्याकडे वळा. हे ‘समोवार’. उषा खन्ना यांनी 1964 साली सुरू केलेलं हे कॅफे रेल्वेच्या डब्यासारखं लांबट आणि अरुंद आहे. एका बाजूला म्युझियमच्या आवाराची हिरवळ दिसते, पाऊस पडत असला की ओल्या मातीचा वास थेट टेबलावर येतो.

तिघांत मिळून काँट्री काढा. पुदिन्याचा चहा आणि एक खिमा पराठा परवडतो, कोळंबीच्या आमटीभाताकडे फक्त बघायचं. पराठा येतो तेव्हा आधी त्याचे तीन भाग कसे करायचे यावर वाद होतो. मधला तुकडा सगळ्यात भरलेला, म्हणून तो ज्याने जास्त पैसे घातले त्याला. चहाच्या वाफेने तुमचा चष्मा धुरकटतो. शर्टाच्या टोकाने काच पुसून वर बघता तर पलीकडच्या टेबलावर बोटांना रंग लागलेला एक माणूस कागदाच्या रुमालावर रेघोट्या मारतोय. गिरगावातल्या किंवा डोंबिवलीतल्या घरात चित्रकार हा प्राणी तुम्ही कधी पाहिलेला नाही. इथे तो तुमच्याइतकाच भुकेला आहे आणि तुमच्यासारखाच बिलाकडे बघून खिसे चाचपतोय. तास होतो, दीड तास होतो. उठा असं कुणी म्हणत नाही.

पाऊस उघडला. के. दुभाष मार्ग ओलांडला की ‘र्‍हिदम हाउस’. काचेच्या छोट्या खोलीत शिरा आणि गाणं ऐका. विकत घेणार का, हा प्रश्न विचारला जात नाही.

त्याला लागूनच ‘वेसाइड इन’. जरा दबकतच आत या, मेनूकार्ड इंग्रजीत आहे. आंबेडकर इथे येऊन बसत असत, असं या भागात सांगतात. आता खिडकीकडच्या टेबलावर नजर टाका. लांब केस, जाड मिशा, समोर मित्रांची बैठक. ते अरुण कोळटकर. तुमच्या मराठीच्या मॅडमनी ज्यांचं नाव घेतलं, ज्यांची ‘जेजुरी’ 1976 साली आणि मराठी कवितांचं पुस्तक 1977 साली आलं, ते कवी गुरुवारी दुपारी इथे बसतात. ते खिडकीबाहेर बघतायत. तुम्हीही बघा. रस्त्याच्या मधला तुकडा, भटकी कुत्री, कावळे, इडलीवाली बाई. ज्या चौकातून तुम्ही रोज घाईघाईने जाता, तो चौक कुणीतरी इतका वेळ बघत बसू शकतो, हे तुम्हाला आज पहिल्यांदा कळतं. वर्गात कवितेचा अर्थ शिकलात, कवी काम कसं करतो ते या खिडकीपाशी दिसलं.

आता आजच्या तारखेला या. ‘वेसाइड इन’ नव्या शतकाच्या सुरुवातीला बंद झालं. त्या चौकावरच्या कवितांचं पुस्तक 2004 साली निघालं आणि त्याच वर्षी कोळटकर गेले. गॅलरीला जागा परत हवी होती, त्यामुळे पन्नास वर्षं चाललेलं ‘समोवार’ 2015 च्या मार्चअखेर आवरलं. पुढच्याच वर्षी ‘र्‍हिदम हाउस’ला कुलूप लागलं, कारण गाणी तोवर फोनमध्ये शिरली होती. या चौकाला नाव देणारा मूळ घोड्याचा पुतळा 1965 सालीच राणीच्या बागेत हलवला होता. 2017 मध्ये स्वाराविना नवा काळा घोडा चौकात उभा राहिला. पुतळा नवा करता येतो, बसायची जागा तशी नव्याने घडवता येत नाही.

फोर्टमधल्या एका खुर्चीची किंमत आज एवढी आहे की एका चहावर दोन तास बसणारा मुलगा मालकाला परवडत नाही. म्हणून आपण हरवलं ते पराठ्याच्या चवीपेक्षा मोठं आहे. खिशात फारसे पैसे नसलेल्या मुलाला चित्रकाराच्या, कवीच्या शेजारी बिनधास्त बसू देणारी जागा गेली. कॉलेजचं निम्मं शिक्षण तिथे होत होतं, असं मला ठामपणे वाटतं.

तरी सगळंच संपलेलं नाही. धोबीतलावला झेवियर्सपासून जवळच 1904 सालचं ‘कयानी’ आहे, काळ्या घोड्याला 1946 पासूनचं ‘चेतना’ आहे. अशा ठिकाणी जा, आणि जाताना घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोराला सोबत न्या. बिल तुम्ही द्या, आणि त्याला तिथे बसू द्या.