गार पाण्याने बोटं पांढरी पडतात? ही तपासणी करा

थंडीत फजरच्या वुजूला गार पाणी लागताच बोटं पांढरीफटक, मग निळी आणि ऊब मिळाल्यावर लाल होतात का? हा 'रेनॉड'चा त्रास असू शकतो. फ्रेंच डॉक्टर मॉरिस रेनॉड यांनी १८६२ मध्ये त्याचं वर्णन केलं. यात बोटांच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात.

बोटं पांढरी असतानाच मोबाईलवर फोटो काढा. दवाखान्यात पोहोचेपर्यंत रंग पूर्ववत होतो. डॉक्टर नखाच्या मुळाशी भिंगातून पाहतात, गरजेनुसार एएनए रक्ततपासणी सांगतात. बहुतेकांना मोठा आजार नसतो. पण तिशीनंतर सुरू झालं, बोटाला जखम झाली किंवा कातडी ताठरली, तर ल्युपस, स्क्लेरोडर्मा आहे का हे पाहावं लागतं.

इंदापूरकरांनी आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवावं. बारामतीत २०१९ पासून शासकीय मेडिकल कॉलेज आहे. वुजूला कोमट पाणी घ्या, बिडी-सिगारेट सोडा.