दाखल्यावरचे महादेव कोळी

२ सप्टेंबर १९९४ रोजी सर्वोच्च न्यायालयात मुंबईच्या दोन सख्ख्या बहिणींचा खटला निकाली निघाला. एक एमबीबीएसच्या शेवटाला आलेली, दुसरी दंतवैद्यकीच्या अर्ध्यावर. दोघींना प्रवेश मिळाला होता तो अनुसूचित जमातीच्या राखीव जागेवर, ‘महादेव कोळी’ असा दाखला जोडून. पडताळणीत घरातल्या जुन्या शालेय नोंदी बाहेर आल्या. त्यांत जात लिहिली होती ‘हिंदू कोळी’. महादेव हा शब्द त्या नोंदींत नव्हता. तो पुढच्या पिढीने, प्रवेशाच्या वेळी लावून घेतला होता.

महादेव हा शब्द जिथे कुणाला लावून घ्यावा लागला नाही, असा मुलूख मुंबईपासून दीडशे किलोमीटरच्या आत आहे. जव्हारला सहाशे वर्षे महादेव कोळ्यांचीच गादी होती. परंपरा सांगते की जयबा मुकण्याने हे राज्य उभे केले आणि १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाने त्याच्या मुलाला निमशहा हा किताब दिला. तेव्हापासून गादीवरच्या राजांच्या नावांना ‘शहा’ जोडले गेले. संस्थान लहानच, सुमारे ३१० चौरस मैलांचे, डोंगरदऱ्यांचे आणि सागाच्या जंगलाचे. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांच्या काळात, १९४८ मध्ये, ते मुंबई राज्यात विलीन झाले. शेजारचे मोखाडे मात्र आधीपासून इंग्रजी अंमलात होते, ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्याचा एक पेटा म्हणून. आज दोन्ही पालघर जिल्ह्यातले तालुके आहेत आणि दोन्हींकडे दहापैकी नऊ माणसे आदिवासी आहेत: वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी.

डॉक्टर कुणाला म्हणायचे, हे कागदाने ठरवायचा रिवाज या मुलखात सगळीकडे सारखा आला नाही. मुंबई इलाख्याने १९१२ मध्ये वैद्यकीय नोंदणीचा कायदा केला. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांची नोंदवही तयार झाली आणि नाव वहीत असेल तो डॉक्टर, असे ठरले. मोखाडे या कायद्याखाली आले. जव्हार संस्थानी मुलूख, त्याला तो लागू नव्हता. मधली सीमा म्हणजे एखादा ओढा किंवा टेकडीची धार. अलीकडच्या पाड्यावरचा वैद्य वहीबाहेरचा ठरत होता, पलीकडच्याला कुणी विचारणारे नव्हते. पाड्यावरच्या माणसाला दोन्हींचे सोयरसुतक नव्हते. त्याच्या आजारात बोलावला जाणारा होता भगत, बाळंतपणात सुईण. त्यांच्याकडे कुणी दाखला मागितला नाही, कारण त्यांचे हात कुणाला गुण देतात आणि कुणाला नाही हे सगळ्या पाड्याला तोंडपाठ असे. भगताच्या हातून माणसे मरतही. ताप डोक्यात गेलेले मूल अंगाऱ्याने वाचत नाही. पण आपण कोण आहोत याबद्दल तो खोटे बोलत नव्हता.

कागद आला आणि त्याच्या पाठोपाठ खोटा कागदही आला. वैद्यकाच्या बनावट पदव्या विकणाऱ्या संस्था इतक्या माजल्या की १९१६ मध्येच सबंध हिंदुस्थानासाठी वैद्यकीय पदव्यांचा कायदा करावा लागला. १९३८ मध्ये मुंबई प्रांताने वैद्य-हकिमांच्या नोंदणीचा कायदा केला, आणि पदवी नसताना आधीपासून वैद्यकी करणाऱ्यांची वेगळी यादी ठेवली. पुढे महाराष्ट्राने १९६१ मध्ये नवा कायदा आणला. त्याचे कलम ३३ आजही बोगस डॉक्टरांवर लावले जाते. दर काही महिन्यांनी कुठल्यातरी तालुक्यात एखादा दवाखाना सील होतो, सलाईनच्या बाटल्या जप्त होतात, गुन्हा दाखल होतो.

हा झाला सरळसरळ खोटा डॉक्टर. त्याला पकडणे त्या मानाने सोपे असते, कारण त्याचे नाव वहीतच नसते. ज्याचे नाव वहीत आहे, पदवी खरी आहे, शिक्का खरा आहे, पण तिथवरची वाट खोटी आहे, त्याचे काय करायचे, हा प्रश्न महाराष्ट्राला जास्त छळत आला. १९८५ च्या मुंबई विद्यापीठाच्या एमडी परीक्षेत गुण फिरवल्याचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले. ज्या उमेदवाराच्या भल्यासाठी ते फिरवल्याचा आरोप होता, ती मुख्यमंत्र्यांची मुलगी. न्यायालयाने ताशेरे ओढले आणि मार्च १९८६ मध्ये शिवाजीराव पाटील निलंगेकरांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. हे प्रकरण कोर्टात नेले होते त्याच परीक्षेला बसलेल्या दुसऱ्या एका डॉक्टरने. गुण एकाचे वाढतात तेव्हा मागे कोण पडतो, याचे उत्तर एरवी मिळत नाही. इथे ते मिळाले, कारण मागे पडलेला माणूस मुंबईत होता, शिकलेला होता, वकील गाठू शकत होता.

राखीव जागेच्या चोरीत तो मागे पडणारा माणूस दिसतच नाही.

महाराष्ट्रात अनुसूचित जमातींना ७ टक्के जागा आहेत. १९७६ च्या कायद्याने जमातींच्या यादीतले प्रादेशिक बंधन बरेचसे उठवले. आपले गाव सोडून शहरात आलेल्या खऱ्या आदिवासीला दाखला मिळावा, हा त्यामागचा हेतू होता आणि तो रास्त होता. पण त्याच दारातून दुसरी गर्दी आत शिरली. कोळी नाव लावणारे समाज महाराष्ट्रात पुष्कळ. किनाऱ्यावर मासेमारी करणारे आहेत, नदीकाठी राहणारे आहेत, पंढरपूरच्या बाजूचे आहेत. त्यांतले अनेक स्वतः गरीब आणि मागासलेले, त्यांच्या मागण्यांना त्यांची कारणे आहेत. पण जव्हारच्या डोंगरात जन्मलेल्या महादेव कोळ्याशी त्यांचे ना सोयरिकीचे नाते, ना कुळाचे. नावातला एक शब्द सारखा, एवढ्या भांडवलावर दाखले निघू लागले. तिकडे विदर्भात हलबा जमात आणि कोष्टी समाज यांचे तसेच झाले. पुण्याच्या आदिवासी संशोधन संस्थेतले डॉ. गोविंद गारे, जे स्वतः महादेव कोळी होते, त्यांनी या घुसखोरीवर वर्षानुवर्षे लिहिले.

१९९४ च्या त्या निकालाने दोन गोष्टी केल्या. शेवटच्या वर्षापर्यंत पोचलेल्या बहिणीला न्यायालयाने अभ्यासक्रम पुरा करू दिला. अर्ध्यावरच्या बहिणीच्या राखीव जागेला संरक्षण दिले नाही. आणि सबंध देशासाठी पडताळणीची रीत घालून दिली: समिती असावी, तिच्या हाताखाली दक्षता पथक असावे, पथकाने अर्जदाराच्या मूळ गावी जाऊन चौकशी करावी, शाळेच्या नोंदी तपासाव्यात, जमातीच्या देवदेवता, लग्नाचे विधी, मयताच्या चालीरीती यांची माहिती घ्यावी. आज विद्यार्थ्यांच्या तोंडी ‘व्हॅलिडिटी’ हा जो शब्द असतो, त्याचे मूळ या निकालात आहे. महाराष्ट्राने २००१ मध्ये त्यावर कायदाच लागू केला.

एकीची जागा राहिली आणि एकीची नाही, हा फरक कशाने पडला? केवळ वेळेने. जी जास्त काळ टिकली तिचे निभावले.

हीच गोष्ट २८ नोव्हेंबर २००० रोजी आणखी ठळक झाली. पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने नागपूरकडच्या एका प्रकरणात हलबा-कोष्टी म्हणजे हलबा नव्हेत, असे स्वच्छ सांगितले. पण ज्या डॉक्टरचा खटला होता, त्याचा प्रवेश १९८५-८६ मधला. मधे पंधरा वर्षे गेली होती. एका डॉक्टरवर सरकारचा किती पैसा खर्च होतो, आता त्याची पदवी काढून कुठल्या आदिवासी मुलाला ती जागा मिळणार, असा विचार करून न्यायालयाने पदवी कायम ठेवली. यापुढे जमातीचा लाभ घ्यायचा नाही, एवढी अट घातली. तर्क चुकीचा नाही. १९८५ मध्ये ज्या मुलाची जागा गेली, तो २००० मध्ये पस्तिशीला आला असणार, त्याला कुणी बोलावून आता एमबीबीएसला बस म्हणू शकत नव्हते. पण तो मुलगा होता. गुणवत्ता यादीत कुठेतरी, शेवटच्या मिळालेल्या जागेच्या लगेच खाली, त्याचे नाव होते.

जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सवलत आखडली. खोट्या दाखल्यावर मिळवलेले नोकरी वा प्रवेशाचे लाभ काढून घेतलेच पाहिजेत, बरीच वर्षे गेली म्हणून ते राखता येणार नाहीत, असा तो निकाल. तरी प्रश्न संपला नाही. मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे इतर मागासवर्गीयांच्या जागेवरून, खोट्या माहितीच्या आधारे २०१२ मध्ये घेतलेला एमबीबीएसचा प्रवेश आला. न्यायालयाने प्रवेश चुकीचा ठरवला, खुल्या वर्गाची फी आणि वर ५० हजार रुपये भरायला लावले, पण पदवी काढली नाही. कारण दिले ते असे, की आपल्या देशात लोकसंख्येच्या मानाने डॉक्टर फार कमी आहेत.

डॉक्टर फार कमी आहेत हे मोखाड्याइतके कुणाला ठाऊक असणार? १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुले दगावली. मुख्यमंत्री सुधाकरराव नाईकांना तिथवर जावे लागले, तेव्हा महाराष्ट्राला या गावांची नावे कळली. मग योजना आल्या, नवसंजीवन आली, मानसेवी वैद्यकीय अधिकारी आले. २०१६ मध्ये मोखाड्यातल्या बालमृत्यूंनी पुन्हा वर्तमानपत्रांची पाने भरली. ऑगस्ट २०२२ मध्ये मरकटवाडीच्या एका गरोदर बाईची जुळी बाळे जन्मल्यावर दगावली. रक्तस्राव होत असलेल्या त्या बाईला घरच्यांनी चादरीची झोळी करून, बांबूला बांधून, निसरड्या पायवाटेने तीन किलोमीटर खाली आणले. पुढे रस्ता होता.

जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयाला संस्थानातल्या राजाचे नाव आहे. महादेव कोळी राजाचे. तिथून किंवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयातून अवघड केस पुढे नाशिकला पाठवली जाते, त्र्यंबकेश्वरचा घाट चढून. राखीव जागेचा हेतू एवढाच होता की या डोंगरातली काही मुले डॉक्टर व्हावीत. त्यांतली निम्मी शहरातच राहिली असती, हे मान्य. पण ज्याला झोळीतल्या बाईची बोली कळते, ती ‘वारा लागला’ म्हणते तेव्हा तिला नक्की काय होते आहे हे ज्याला आजीकडून ठाऊक आहे, असा एक डॉक्टरसुद्धा कुटीर रुग्णालयात असणे आणि नसणे यांत फार अंतर आहे. मुंबईत खोट्या दाखल्यावर भरलेली जागा रिकामी दिसत नाही. ती रिकामी राहते इथे.

परीक्षेतले गैरप्रकारही १९८५ च्या त्या प्रकरणानंतर नवनवी रूपे घेत राहिले. परदेशात वैद्यक शिकून आलेल्यांसाठी २००२ पासून पात्रता परीक्षा आहे, तीत ३०० पैकी १५० गुण लागतात. ती उत्तीर्ण न होताच राज्यांच्या वैद्यक परिषदांकडे नोंदणी मिळवल्याच्या आरोपावरून सीबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये ७३ जणांवर गुन्हा नोंदवला आणि देशभर ९१ ठिकाणी झडत्या घेतल्या. २०२४ च्या नीटच्या घोटाळ्यात तपास लातूरपर्यंत पोचला. त्या वर्षी जूनमध्ये केंद्राचा नवा कायदा लागू झाला, टोळ्यांना दहा वर्षांपर्यंत कैद आणि किमान एक कोटीचा दंड सांगणारा. महाराष्ट्राचा स्वतःचा परीक्षा-गैरप्रकार कायदा तर १९८२ चा आहे.

पण पडताळणीच्या सगळ्या बंदोबस्ताचा भार ज्याने काहीच केलेले नाही त्याच्यावर येतो. चोर आला म्हणून दाराला कुलूप लागले, आणि आता घरच्या माणसालाच किल्ली दाखवत आत जावे लागते. जव्हारच्या आश्रमशाळेतून बारावी सायन्स झालेल्या, नीट देऊन आलेल्या पोराला पडताळणीची समिती गाठावी लागते. अर्जासोबत वंशवेल हवी, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला हवा, आजोबांच्या काळातला पुरावा हवा. आजोबा शाळेची पायरी चढलेच नसतील तर निर्गम उतारा येणार कुठून? मग तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, शोधायचे. पिवळी पडलेली, कडा झडलेली वही. मोडीतून देवनागरीत उतरवून देणारा माणूस गाठायचा. एका ओळीत पणजोबाच्या नावापुढे जात लिहिलेली असते, ती कधी ‘म. कोळी’, कधी नुसती ‘कोळी’, जशी त्या दिवशी लिहिणाऱ्याच्या मनाला आली तशी. नुसती ‘कोळी’ निघाली की पोराच्या पोटात गोळा येतो. मुंबईच्या त्या बहिणींच्या घरच्या नोंदीतही तोच शब्द होता.

मग दक्षता पथक पाड्यावर येते. अंगणात खाट टाकली जाते. पथकातला अधिकारी आजीला विचारतो, तुमचे कूळ कोणते, देव कोणते, लग्नात हळद कुठून आणता, मयताला काय करता. आजी सांगू लागते, वरसूबाई, कळसूबाई, भैरोबा, वाघोबा, आणि अधिकारी एकेक नाव फॉर्मवर लिहून घेतो.