फुलपाखरांचें दप्तर

फुलपाखरूं दिसलें कीं आपण क्षणभर थांबतों आणि पुढें जातों. तें कोणत्या दिवशीं, कोठें व कोणत्या झाडावर दिसलें, हें टिपून ठेवणारा मनुष्य विरळा. असे तीन गृहस्थ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेव्हांच्या मुंबई इलाख्यांतील उत्तर कानडा जिल्ह्यांत एकत्र आले.

त्यांपैकीं एडवर्ड हॅमिल्टन एटकेन यांचा जन्म १८५१ सालीं सातारा येथें झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत लॅटिन शिकवून पुढें ते मीठ व जकात खात्यांत शिरले. १८८३ सालीं मुंबईस निघालेल्या निसर्गेतिहास मंडळाच्या संस्थापकांतही ते होते. दुसरे डेव्हिडसन हे मुलकी अधिकारी, तर तिसरे बेल जंगलखात्यांतले. या तिघांनीं फुलपाखरें नुसतीं पकडलीं नाहींत. सुरवंट पाळून ते कोणतें पान खातात, कोश कसा करितात, हें लिहून काढलें. तीं टिपणें १८९६ पासून मंडळाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झालीं.

या श्रमाचें मोल आज कळतें. पंख पाहून नांव समजतें. पण सुरवंटाचें अन्न ठाऊक असल्यावांचून फुलपाखरूं राखतां येत नाहीं. रुईचीं झुडपें उपटीत गेलों, तर त्यांच्या पानांवर वाढणाऱ्या तांबूस-पिवळ्या फुलपाखरांस आसरा कोठला?

परंतु ‘विपुल’ वा ‘विरळ’ अशा शब्दांवरून एका वर्षाची दुसऱ्याशीं तुलना होत नाहीं. त्यासाठीं मोजणी हवी. अर्नेस्ट पोलार्ड यांनीं तिची साधी रीत बसविली : ठराविक वाटेनें दर आठवड्यास चालावें व आसपास दिसतील तीं फुलपाखरें मोजावीं. १९७६ पासून ब्रिटनमध्यें ही मोजणी देशभर चालू झाली.

त्याच देशांत १९७९ सालीं ‘मोठें निळें’ फुलपाखरूं नामशेष झालें. त्याचा सुरवंट एका विशिष्ट मुंगीच्या वारुळांत वाढतो. गवत माजलें कीं जमीन थंडावते व ती मुंगी तेथें टिकत नाहीं. जेरेमी टॉमस यांनीं हें कारण शोधून काढलें, पण तोंवर उशीर झाला होता. पुढें गुरें चारून गवत आंखूड राखलें, आणि १९८३ पासून स्वीडनहून सुरवंट आणून त्याची वस्ती पुन्हां वसविण्यांत आली.

महाराष्ट्रानें २०१५ सालीं ‘नीलवंत’ फुलपाखरास राज्याचा मान दिला. त्याचा सुरवंट लिंबू-महाळुंगाच्या कुळांतील पानांवर वाढतो. ज्यांच्या परसांत लिंबोणी आहे, त्यांनीं पान कुरतडणारा सुरवंट चिरडण्यापूर्वीं वहींत तारीख घालावी आणि चार दिवस वाट पाहावी. घरांतील मुलें हें काम आनंदानें करतील.