भूल

ऑपरेशन ठरलं की मराठी घरात पहिला प्रश्न निघतो, ‘पूर्ण भूल देणार की कमरेखालची?’ खर्चाची गोष्ट त्यानंतर. ‘अ‍ॅनेस्थेशिया’ फायलीवर लिहिलेला असतो, पण बोलण्यात भूलच. हा शब्द काही दवाखान्यात जन्मलेला नाही. रानात वाट चुकणाऱ्याला रानभूल पडते. हिशेबाच्या तळाशी ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ असते. विदर्भ-खानदेशात मुली भुलाबाई बसवतात, ती भिल्लिणीच्या रूपातली पार्वती. तिला शंकर भुलला. मोहिनी, चकवा आणि चूक असे तीन अर्थ पदरात घेऊनच हा शब्द ऑपरेशनच्या टेबलापाशी आला. गंमत म्हणजे वैद्यकातल्या भुलीनेही तिन्ही अर्थ खरे करून दाखवले.

ही भूल येण्याआधी रुग्णाला वेदना सोसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माआधी तीक्ष्ण मद्य पाजायला सांगितलं आहे. युरोपातही दारू आणि अफू यांवरच भिस्त. बाकी चार दांडगे गडी रुग्णाला दाबून धरत आणि सर्जनचं नाव त्याच्या वेगावर होई. लंडनचा रॉबर्ट लिस्टन दोन-तीन मिनिटांत पाय मांडीपासून वेगळा करी.

बंगालमध्ये हुगळीला जेम्स एस्डेल नावाचा स्कॉटिश डॉक्टर होता. एप्रिल १८४५ मध्ये त्याने एका कैद्यावर मेस्मेरिझमचा, म्हणजे मोहिनी घालून गुंगी आणण्याचा, प्रयोग केला. पुढे त्याची रीत अशी बसली: खोलीत अंधार करायचा, रुग्णाला उताणं निजवायचं, डोक्यामागे बसून त्याच्यावर ओणवं व्हायचं आणि चेहऱ्यापासून पोटापर्यंत, अंगाला न लावता, हात संथपणे फिरवत राहायचं. मधूनच डोक्यावर हलकी फुंकर. हे तासन् तास, कधी कधी कित्येक दिवस चाले. डॉक्टर स्वतः थकून गेला, तेव्हा हे काम त्याने दवाखान्यातल्या देशी कंपाउंडर-ड्रेसरांकडे सोपवलं. रुग्ण निपचित पडले की तो मोठमोठ्या गाठी कापून काढी. आपल्याकडच्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नव्हतं. मांत्रिक झाडतो तसंच हे दिसलं असणार. सरकारने मात्र १८४६ मध्ये कलकत्त्यात त्याला प्रयोगापुरतं छोटं इस्पितळ दिलं. भुलीचा मोहिनी हा अर्थ इथे अक्षरशः वापरात होता.

त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने गिल्बर्ट अ‍ॅबटला एक वाफ हुंगवली आणि जॉन वॉरन यांनी त्याच्या मानेवरची गाठ काढली. ती वाफ साध्या ईथरची. पण पेटंटवर डोळा असलेल्या मॉर्टनने त्यात रंग आणि सुगंध मिसळून ‘लेथिऑन’ असं नाव दिलं होतं. ग्रीक पुराणातली लेथे ही विस्मृतीची नदी. चकवा फार टिकला नाही, वासाने बिंग फोडलं. पुढल्या वर्षी ईथर कलकत्त्याला पोचलं. मग तासन् तास हात कोण फिरवणार? १८५१ मध्ये एस्डेल हिंदुस्थान सोडून गेला.

४ नोव्हेंबर १८४७ च्या रात्री एडिंबरामध्ये जेम्स सिम्प्सन आणि त्याचे दोन मदतनीस जेवणघरात क्लोरोफॉर्म हुंगून जमिनीवर आडवे झाले. थोड्याच दिवसांत तो बाळंतिणींना मिळू लागला. तीन महिनेही झाले नव्हते, तोच २८ जानेवारी १८४८ ला न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाचं नख काढायला बसली असताना दगावली. नख काढायला! आधी एकदा ईथरवर तिचं नख सुखरूप निघालं होतं. या खेपेला क्लोरोफॉर्मने दोन-तीन मिनिटांत तिचा जीव घेतला.

क्लोरोफॉर्मने हृदय आधी थांबतं की श्वास, हा वाद त्यानंतर कित्येक वर्षं चालला. निजामाने पैसा पुरवला आणि हैदराबादेत १८८८ आणि १८८९ मध्ये दोन आयोग बसले. या आयोगांमागचे डॉक्टर एडवर्ड लॉरी यांनी शेकडो जनावरांवर प्रयोग करून निर्वाळा दिला: श्वासावर नजर ठेवा, हृदयाची काळजी नको. माझ्या मते ही या कथेतली सगळ्यात महागडी चूक, कारण ती आकड्यांच्या आधाराने झाली होती. १९११ मध्ये गुडमन लेव्ही या डॉक्टरांनी दाखवून दिलं की क्लोरोफॉर्म, विशेषतः हलक्या भुलीत, हृदयाची लय एकाएकी बिघडवून माणसाला मारू शकतो.

आज भूलतज्ज्ञ श्वास आणि हृदय दोन्हींवर पहारा ठेवतो, पण पोटात काय आहे हे त्याला तुमच्याच तोंडून कळतं. म्हणून तो ‘सकाळपासून काही खाल्लं-प्यायलं?’ असं विचारेल, तेव्हा चोरून घेतलेला अर्धा कप चहासुद्धा सांगून टाका.