खेळाडू मोठा कशाने ठरतो? बिल रसेल आणि पालवणकर बाळू

बास्केटबॉलमध्ये एक जुना वाद आहे. विल्ट चेंबरलेनने 1962 साली एकाच सामन्यात 100 गुण केले. बिल रसेलला असे आकडे कधीच जमले नाहीत. पण रसेल असताना बोस्टन सेल्टिक्सने 13 हंगामांत 11 विजेतेपदे जिंकली. चेंबरलेनच्या वाट्याला दोन आली. मग मोठा कोण? स्वतः गुण मिळवणारा, की ज्याच्यामुळे संघ जिंकतो तो?

आम्ही दुसऱ्या बाजूचे. पण ही मोजपट्टी आपल्या देशात लावली की एक प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर जातीत सापडते.

पालवणकर बाळू. जन्म 1876, धारवाड, चर्मकार कुटुंब. पुण्यात इंग्रजांच्या क्लबात मैदानावर राबता राबता डावखुरी फिरकी शिकलेला गोलंदाज. हिंदू संघाला तो हवा होता, कारण त्याच्याशिवाय युरोपियनांना हरवता येत नव्हते. मैदानात त्याच्या हातचा चेंडू चालायचा. चहाच्या वेळी मात्र त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. चेंडू बाटत नव्हता, कप बाटत होता!

1906 साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना 109 धावांनी हरवले. हा विजय देशभर गाजला आणि त्याच्या मुळाशी बाळूंची गोलंदाजी होती. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले. तरीही संघ 23 पैकी 15 सामने हरला. म्हणून नुसती विजेतेपदे मोजणेही खोटे आहे. विचारायचे ते असे : हा खेळाडू नसता तर संघाचे काय झाले असते? बाळू नसते तर त्या संघाकडे दाखवायला काय उरले असते?

आता पुढचा प्रश्न. संघाला इतके देणाऱ्याला संघाने काय दिले? 1966 मध्ये सेल्टिक्सने रसेलला प्रशिक्षक केले. वंशभेदाने पोखरलेल्या अमेरिकेतल्या त्या व्यावसायिक लीगचा तो पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद अखेरपर्यंत मिळाले नाही. 1920 मध्ये त्यांना डावलले तेव्हा त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम निषेध म्हणून संघाबाहेर पडले. 1923 साली विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. 'नेतृत्वाची पात्रता नाही' म्हणणाऱ्यांना यापेक्षा स्पष्ट उत्तर कोणते?

काही मित्र म्हणतील, हेच बाळू पुणे कराराच्या वेळी गांधींच्या बाजूने उभे राहिले आणि 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसचे उमेदवार म्हणून बाबासाहेबांविरुद्ध लढले. होय, लढले आणि हरले. ते राजकारण आम्हाला मान्य नाही. पण त्या एका निवडणुकीपायी मैदानावरची वीस-पंचवीस वर्षे पुसून टाकली, तर ज्यांनी त्यांचा कप वेगळा ठेवला त्यांचेच काम आपण पूर्ण करू.

औरंगाबादच्या नागसेनवनात खेळणाऱ्या आपल्या मुलामुलींना हा इतिहास माहीत असला पाहिजे. संघासाठी जीव ओता, पण एवढेच करून थांबू नका. निवड कोण करतो, कर्णधार कोण ठरवतो, श्रेय कोणाच्या नावावर जाते, हेही विचारा. ज्याच्या घामावर संघ जिंकतो, त्याला निर्णयाच्या खुर्चीत जागा हवी. ती कोणी आणून देत नाही. विठ्ठल-शिवरामांसारखी ती संघटितपणे मागावी लागते.

जय भीम!